खाऱ्या पाण्यावर उताणं

सस्कॅचेवानात तळ्यांचा तोटा नाही. कॅनडाच्या या प्रांतात लाखभर तळी आहेत म्हणतात, आणि कॅलेंडरवर छापली जातात ती बहुतेक उत्तरेकडची: सूचिपर्णी झाडांची दाटी, निवळशंख पाणी, काठाला बांधलेली एखादी होडी. दक्षिणेकडच्या प्रेअरीवरच्या तळ्यांना हे भाग्य नाही. ती उघड्या माळावर पडलेली असतात, पाणी उथळ, आणि कितीतरी तळ्यांच्या कडेला खाराची पांढरी किनार. सस्काटूनला लेकीकडे आले आणि ती म्हणाली, "आई, तुला एक तळं दाखवायचंय," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरच होतं. तिने नाव सांगितलं लिटल मॅनिटू. "लोणारसारखं खारं आहे. पण आत उतरता येतं."

मी मेहकरची. लोणार आमच्या शेजारचं. लहानपणापासून ते कड्यावरून पाहत आले, पण त्या पाण्यात उतरायचं कधी कोणाच्या मनातही आलं नाही. त्यामुळे 'आत उतरता येतं' एवढं ऐकूनच मी तयार झाले.

तळं सस्काटूनपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, आग्नेयेला. सोळा नंबरच्या हायवेने कोलन्सेपर्यंत जायचं, मग दक्षिणेला वळून वॉट्रस गाठायचं. जुलैचा मध्य होता. कॅनोला फुललेला, इतका पिवळा की थोड्या वेळाने डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. त्या पिवळ्यात मध्येच एक निळं शेत आलं. मी गाडी थांबवायला लावली. जवस! विदर्भात जवसाचा पेरा आटत आटत चाललाय. तेलाची घाणी बंद झाली आणि चटणीपुरतं जवस बाजारातून आणायची वेळ आली. इथे ते डोळे पोचतील तिथवर पसरलेलं होतं. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलायच्या आत पाकळ्या गाळतं, हे मला ठाऊक होतं, पण लेकीला नव्हतं. रात्री परतताना हे शेत निळं दिसणार नाही, असं मी तिला सांगून ठेवलं.

कोलन्सेजवळ सपाटीवर एकाएकी एक करडी टेकडी दिसते. ती मिठाची. जावई पोटॅशच्या धंद्यात इंजिनिअर आहेत, त्यांनी गाडीतूनच धडा घेतला. प्रेअरीच्या पोटात सुमारे किलोमीटरभर खाली पोटॅशचे थर आहेत. चाळीसएक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटत गेला आणि क्षार मागे राहिले. खाणीतून पोटॅश वेगळं काढल्यावर उरतं ते साधं मीठ, त्याचे हे डोंगर. माझे दीर मेहकरला खताचं दुकान चालवायचे. दुकानात एमओपीची, म्हणजे पोटॅश खताची, पोती असत, आणि भारतात पोटॅशची खाण नाही, सगळा माल बाहेरून येतो, एवढं त्यांच्याकडून कानावर पडलेलं. तो 'बाहेर' म्हणजे अशीही एक जागा. नाशिकच्या द्राक्षाला आणि जळगावच्या केळीला लागणारा पालाश, म्हणजे हेच पोटॅश, या सपाटीखालून निघून निम्मं जग फिरून येतो.

"म्हणजे तळ्याचं मीठही तेच का?" मी विचारलं.

"नाही, आई. सगळे तसंच समजतात. खालचं खाली आहे. तळ्याचं मीठ वरच्या मातीचं."

त्याची गोष्ट अशी. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगातलं बर्फ वितळलं, त्या पाण्याच्या लोंढ्यांनी सपाट जमिनीत लांबच लांब घळी कोरल्या. अशाच एका घळीत हे तळं साचलं: वीसेक किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम किलोमीटरभर, खोली काही मीटर. बर्फाने आणून टाकलेल्या मातीत क्षार भरपूर. भूजल ते विरघळवून झऱ्यांतून तळ्यात आणतं. बाहेर पडायला वाट नाही. या भागात पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पडलं तरी पुष्कळ, आणि उन्हाळ्यातला कोरडा वारा त्याहून जास्त पाणी उडवून नेतो. पाणी जातं, क्षार राहतात. ही वजाबाकी हजारो वर्षं चाललेली आहे.

वॉट्रस हे रेल्वेने वसवलेलं गाव. तिथून उत्तरेला वळलं की सपाट रस्ता अचानक उतरू लागतो आणि घळीच्या तळाशी निळी पट्टी दिसते. प्रेअरीत उतार ही चैनीची गोष्ट आहे; चार महिने राहून मला त्याचं अप्रूप वाटायला लागलं होतं. खाली मॅनिटू बीच नावाचं चिमुकलं गाव, आणि त्याला लागून रीजनल पार्क.

या रीजनल पार्कचा कारभार मला आवडला. १९३१ मध्ये सस्कॅचेवानने आपली पहिली प्रांतिक उद्यानं जाहीर केली, त्यांत लिटल मॅनिटूचा समावेश होता. पुढे ते प्रांताच्या हातून स्थानिकांच्या हाती आलं. १९६० च्या कायद्याने इथे अशी सोय झाली की आजूबाजूची गावं आणि ग्रामीण पालिका एकत्र येऊन उद्यान चालवू शकतात. प्रांत थोडा हातभार लावतो, बाकी गवत कापण्यापासून नळ दुरुस्तीपर्यंत सगळं त्यांचं त्यांनी बघायचं. अशी शंभराच्या आसपास उद्यानं प्रांतभर आहेत. त्यांत भव्य काही नसतं. तंबूच्या जागा, आरव्हीसाठी, म्हणजे चाकांवरच्या घरांसाठी, विजेचे खांब, लाकडी टेबलं, लोखंडी कडं घातलेली शेकोटी, मुलांचे झोपाळे, गोल्फचं मैदान. पण सहा महिने बर्फाखाली असलेल्या मुलखात जून ते ऑगस्ट हे एवढंसं असणं म्हणजे काय, ते तिथल्या लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं. आरव्हीच्या दारात कुंड्या ठेवलेल्या, तोरणासारखे दिवे लावलेले. काही कुटुंबं सगळा उन्हाळा तिथेच मुक्काम ठोकून असतात. आम्ही झाडाखालचं टेबल धरलं, दशम्या आणि जवसाची चटणी काढली, आणि शेजारच्या टेबलावरून सॉसेज भाजल्याचा धूर येत राहिला.

मला आधी खटकलं ते वय. उद्यान म्हटलं की पोराटोरांचा गलका. इथे पोरं होती, पण पाण्यात खरी गर्दी सत्तरीच्या पुढच्यांची. टोप्या घातलेल्या बायका, गॉगल लावलेले पुरुष, सगळे पाण्यावर उताणे. एक आजोबा तर छातीवर कादंबरी उघडून वाचत होते आणि पान भिजत नव्हतं.

लेकीने माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणला होता. उतरण्याआधी तिने बजावलं: डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, तोंड बुडवायचं नाही, आणि कुठे खरचटलेलं असेल तर आत्ताच सांग. खरचटलेलं कुठे नव्हतं. काठाशी बारीक खडे आणि त्यांच्यामध्ये काळसर चिखल. कमरेइतक्या पाण्यात आले तोवर काही वेगळं वाटलं नाही. मग गुडघे जरा वाकवले आणि पाय तळाला टेकेनात. ते आपण होऊन वर आले, बोटं पाण्याबाहेर. मी मागे रेलले आणि तशीच राहिले. मेहकरच्या विहिरीत मी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. इथे भोपळा पाण्यानेच बांधून ठेवलेला होता.

समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या जवळपास, इथली १.०६, मृत समुद्राची १.२४. आकडे बघितले तर लिटल मॅनिटू समुद्राच्याच बाजूला जास्त आहे, आणि 'कॅनडाचा मृत समुद्र' ही जाहिरात जरा ताणलेली आहे. पण आपलं शरीर पाण्याच्या इतक्या काठावरचं आहे की शेकड्यात तीन-चारचा फरकही पुरतो. खरी पंचाईत होते ती उभं राहताना. पाय खाली दाबावे तर ते पुन्हा वर येतात. हात मागे वल्हवून, अंग पुढे झोकून, एकदाचं तळाशी पाऊल रोवावं लागतं. माझ्या शेजारी तरंगणाऱ्या एका बाईंनी मला ही युक्ती शिकवली. तिथून आमच्या गप्पा सुरू झाल्या.

त्या शेतकरी. नवरा-बायको आणि मुलगा मिळून गहू, कॅनोला आणि मसूर पिकवतात. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न हवामानाचा किंवा ताजमहालाचा विचारला नाही. "तुमच्याकडे या वर्षी डाळ कशी आहे?" असं त्या म्हणाल्या. कॅनडाची बहुतेक सगळी मसूर सस्कॅचेवानात होते, आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक. २०१७ च्या अखेरीस भारताने आधी वाटाण्यावर आणि मग मसूर-हरभऱ्यावर आयातशुल्क लावलं, ते या बाईंना महिन्यासकट पाठ होतं. त्यांच्या घरात त्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता. मी म्हटलं, आमच्याकडे त्याच्या आधीच्या हंगामात तूर एवढी झाली की हमीभावाला घ्यायला कोणी नव्हतं. खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या, आणि बाहेरचा माल येत राहिला की आमच्याकडचा भाव पडतो. मुलीने यातलं अर्धं भाषांतर केलं, अर्धं मीच माझ्या इंग्रजीत ढकललं. बाईंनी ऐकून घेतलं. थोडा वेळ आम्ही दोघी आभाळाकडे बघत तरंगत होतो. मग त्या म्हणाल्या, पाऊस तुमच्याकडेही वेळेवर येत नाही ना? त्यावर आमचं लगेच जमलं.

आयातशुल्कावर इतक्या निवांतपणे चर्चा झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सरकारी बैठका अशा पाण्यात घ्यायला हरकत नाही.

बोटाने पाणी जिभेला लावून बघितलं. आधी खारट, मग कडू, आणि कडू बराच वेळ राहतं. हा मॅग्नेशियम सल्फेटचा गुण, औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हणून मिळतं ते. आपल्याकडची जुनी माणसं जुलाब व्हावेत म्हणून घ्यायची. लोणारचं पाणी निराळं. त्यात सोडा आहे, कार्बोनेट. बोटांना बुळबुळीत, साबणासारखं लागतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथे खार काढायचे, त्यांच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती, आणि पापडखार आमच्या घरात लोणारच्याच नावाने ओळखला जायचा. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो गेले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा.

पण दोन तळ्यांतला मला जाणवलेला फरक रसायनाचा नव्हता. लोणारला आम्ही जायचो ते देवाला. धारेवर आंघोळ, मग कड्यावरून खाली उतरून कमळजा देवीचं दर्शन, ओटी, आणि दम लागत लागत परत वर. आजी तर खाली बसायचीही नाही. देवीपुढे बसून काय करायचं, निघायचं. म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडायचं ते तीर्थाला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. काही न करता दिवसभर पाण्यावर पडून राहायला कोणी म्हातारी निघाली असती तर गावाने तिला नावं ठेवली असती. देव इथेही आहे. मॅनिटू हे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतलं परमशक्तीचं नाव. कथा अशी सांगतात की देवीच्या रोगाच्या साथीत आजारी पडलेली काही तरुण माणसं टोळीच्या मागे या काठाशी राहिली, तहान आणि तापाने पाण्यात सरपटत गेली आणि बरी झाली. १८३७-३८ ची देवीची साथ खरी आहे, तिने या माळावरच्या वस्त्या उजाड केल्या. गोष्ट मात्र पर्यटनाच्या पत्रकांत इतकी घोटली गेली आहे की ती कोणाची, कोणी सांगितली, हे त्यात कुठेच उरलेलं नाही. बरे झाले ते सगळ्यांना सांगायचंय. जे मेले त्यांच्याबद्दल एक ओळ असते. हे मला आवडलं नाही.

दुपारी नातवाने प्लास्टिकच्या ग्लासात पाणी भरून आणलं. "आजी, बघ." उन्हासमोर धरलं तर आत गुलाबीसर, सेंटिमीटरभर लांबीचे जीव हलत होते: आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले झिंगे. पिसासारखे बारीक पाय वर करून, पाठ खाली ठेवून पोहत होते. ते जन्मभर असेच पोहतात. म्हणजे या तळ्यात सगळेच उताणे. मासे या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून यांना खाणारं पाण्यात कोणी नाही. त्यांची अंडी वाळली तरी वर्षानुवर्षं जिवंत राहतात, पाणी मिळालं की फुटतात. मत्स्यबीज केंद्रांत पिलांना खाऊ म्हणून ती जगभर विकली जातात, आणि याही तळ्यातून ती गोळा करण्याचा व्यवसाय झालेला आहे.

खाणारे वरून येतात. गावापासून जरा लांब, जिथे काठ चिखलाचा आहे आणि मांसल खोडाची खारवट झुडपं लाल व्हायला लागली होती, तिथे फॅलरोप नावाचे छोटे पक्षी पाण्यावर बसून स्वतःभोवती गरगर फिरत होते. फिरून फिरून भोवरा करायचा, तळाकडचे जीव वर आणायचे आणि चोचीने टिपायचे. यांच्यात मादी रंगीत आणि नर फिका. अंडी घालून मादी निघून जाते, उबवणं आणि पिलं सांभाळणं नराकडे. जावयांनी ही माहिती वाचून दाखवली तेव्हा लेक त्यांच्याकडे बघून हसली.

पाण्याबाहेर आल्यावर अंग वाळत असताना कातडीवर पांढरी पूड धरते आणि केस सुतळीसारखे होतात. नळाखाली उभं राहून मी ती धुतली. गुडघे हलके वाटत होते, हे मान्य करायला हवं. मॅग्नेशियम कातडीतून आत जातं आणि संधिवात जातो असं इथे पुष्कळ लोक छातीठोक सांगतात. तळ्याचं पाणी तापवून भरलेले हौद असलेलं एक हॉटेल १९८७ पासून काठावर आहे तेही याच भरवशावर. जावई म्हणाले, तसा पक्का पुरावा नाही; पाणी वजन उचलतं म्हणून सांध्यांना आराम पडतो, एवढंच. मसूरवाल्या बाई तिथेच टॉवेल पिळत होत्या. त्या म्हणाल्या, कारण काही का असेना, मला रात्री नाचायचंय.

ते नाचायचं ठिकाण म्हणजे डान्सलँड. १९२८ मध्ये बांधलेलं लाकडी सभागृह, पाण्याच्या अगदी काठावर. त्या काळात रेल्वेने माणसं इथे यायची, बीचवर एकाहून जास्त नाचघरं होती; हे टिकलं. आत पाच हजार चौरस फुटांची मेपलची जमीन, आणि तिच्याखाली घोड्याच्या केसांच्या गुंडाळ्या अंथरलेल्या. त्यामुळे जमीन दबते आणि परत उचलते. मी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. पोल्का सुरू झाला, शंभरेक पावलं एकदम आपटली आणि माझ्या चपलांखालची फळी श्वास घेतल्यासारखी वर-खाली झाली. अॅकॉर्डियन, ढोल, आणि चेक्सचा शर्ट घातलेले, पट्ट्याला मोठं बक्कल लावलेले म्हातारे. जोड्या नवरा-बायकोच्याच होत्या असं नाही. दोन बहिणी, आजी आणि नातू, दोन मैत्रिणी. दमले की बसायचे, पाणी प्यायचे, वॉल्ट्झ लागला की उठायचे. मसूरवाल्या बाई दुपारी पाण्याबाहेर येताना रेलिंग धरून येत होत्या. इथे त्यांनी मुलाला दोनदा दमवून बसवलं. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. मला पोल्का येत नाही. त्यांना म्हटलं, फुगडी येते. त्या म्हणाल्या, दाखवा. घोड्याच्या केसांवर फुगडी घालायला जमीन उत्तम आहे, फक्त पावलं सटकायला नकोत म्हणून चपला काढाव्या लागतात.

साडेनऊला बाहेर आलो तरी उजेड होता. डासांनी गाडीपर्यंत पाठलाग केला. जवसाचं शेत हिरवं झालेलं होतं. नातवाने ते ओळखलं, आणि माझ्या ज्ञानावर त्याचा विश्वास बसला. लेकीने गाडीतच फोनवर पार्कच्या जागा बघितल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवारी तंबूची एकही जागा रिकामी नव्हती. "मग मंगळवारी जाऊ," मी म्हटलं, "मला कुठे ऑफिस आहे?"